सिस्टर, आधी स्वतःच्या नावाचा केस पेपर काढा

प्रश्न नागपुरातल्याच एका मोठ्या रुग्णालयात आयसीयूला काम करणाऱ्या अधिपरिचारिकेचा आहे. वय ४२, नोकरीची १८ वर्षं, दोन मुलं, वजन ७१ किलो, महिन्यातून आठवडाभर नाईट. त्यांच्याच युनिटमधल्या ४६ वर्षांच्या सिस्टरला नुकतंच स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, तेही स्टेज थ्रीला. त्या लिहितात: "मॅडम, आम्ही शिबिरात बायांना तपासतो, पेशंटला शिकवतो, पण मी स्वतः एकदाही तपासून घेतलं नाही. मावशीला ५८व्या वर्षी झाला होता. मी सकाळी चालते, बाहेरचं फार खात नाही. मॅमोग्राफी करू का? आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, त्या रेडिएशननंच कॅन्सर होतो. नाईट ड्युटीनं होतो हे खरं का? आणि खरं सांगू का, आपल्याच हॉस्पिटलात कपडे काढून उभं राहायची लाज वाटते."

तुम्ही जे सगळ्यात शेवटी लिहिलंत, तिथूनच मी सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तुम्हाला ठाऊकच आहेत.

मी परिचर्येत ३३ वर्षं काढली. त्यातली बरीचशी सर्जरीच्या ओपीडीत, ब्रेस्ट क्लिनिकच्या पडद्यामागे. आता निवृत्त आहे आणि एएनएम (सहायक परिचारिका) मुलींना स्तनतपासणी शिकवते. या एवढ्या वर्षांत उशिरा आलेल्या ज्या नर्सेस मी पाहिल्या, त्यातली एकही अडाणी नव्हती. सगळ्यांना लक्षणं पाठ होती. त्यांचं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

आपल्या लोकांत तपासणी कशी होते ते आठवा. राऊंड संपलेला असतो, सर बेसिनवर हात धुताहेत, आणि सिस्टर हळूच म्हणते, "सर, इकडे जरा ठणकल्यासारखं होऊन राहिलं." सरांचा एक पाय दाराबाहेर. "पाळीच्या आधी होतं का? मग व्हिटॅमिन ई घे महिनाभर, नंतर बघू." झाली तपासणी! केस पेपर नाही, नोंद नाही, पुढची तारीख नाही. हेच एखाद्या पेशंटच्या बाबतीत झालं असतं तर आपणच भांडलो असतो. पण आपल्याला वाटतं, ओळख आहे म्हणून रांगेशिवाय काम झालं.

एक सिस्टर होती, ऑर्थोपेडिकच्या वॉर्डातली. सलाईनची बाटली स्टँडला अडकवायला हात वर केला की तिला काखेत ओढल्यासारखं व्हायचं. दिवसभर प्लास्टरचे पेशंट उचलायचे, वळवायचे. तिनं ठरवून टाकलं की स्नायू आखडला. मलम चोळलं, शेक घेतला. येता-जाता तीन डॉक्टरांना विचारलं, आणि तिघांनीही उभ्या उभ्या, युनिफॉर्मवरूनच बघितलं. सातव्या महिन्यात तिनं रीतसर केस पेपर काढला. मी पडदा ओढला, तिला झोपवलं, हात डोक्याखाली घ्यायला सांगितला. काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. स्तनातली मूळ गाठ मात्र बोराएवढीच, खोलवर, आणि जराही न दुखणारी. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मी छताकडे. दोघींनाही एकच धडा पाठ होता, त्यामुळे बोलायला काही उरलंच नव्हतं.

तेव्हा पहिलं काम, खिडकीवर जाऊन स्वतःच्या नावाचा केस पेपर काढायचा. आपल्याच हॉस्पिटलात नको वाटत असेल तर खुशाल दुसऱ्या ठिकाणी जा. नागपुरात राहून पर्याय नाहीत असं म्हणायची सोय नाही: मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, मेयो म्हणजे इंदिरा गांधी रुग्णालय आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मिहानमधलं एम्स आहे. तिथं गेल्यावर मी अमुक ठिकाणची सिस्टर आहे हे सांगायलाच हवं असं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहून घेतलं होतं. मी हसले होते तेव्हा. पण तिची तपासणी पहिल्यांदाच नीट झाली, कारण समोरच्या डॉक्टरनं तिला काही माहीत असेल असं गृहीत धरलं नाही. लाज वाटते त्यात चूक काही नाही. ज्या टेक्निशियनबरोबर रोज डबा खाता, त्याच्यासमोर नको वाटणारच. मॅमोग्राफीला बाई टेक्निशियन आहे का, हे आधी फोनवर विचारून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आता मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. करा. तुमचं वय ४२ आहे, त्यामुळे या उत्तरात मला फार घोळ घालावा लागत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०२४ साली शिफारस बदलली आणि ४० ते ७४ वयाच्या बायकांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी असं सांगितलं. त्याआधी ते पन्नाशीपासून म्हणत होते. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफी नाही. २०१६ पासूनच्या चौकटीत ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा, प्रशिक्षित हातांनी स्तनतपासणी अपेक्षित आहे. म्हणजे तुम्ही शिबिरात करता तीच. त्या रजिस्टरमध्ये तुमचंही नाव असायला हवं होतं, हे कधी डोक्यात आलं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तर आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या देशभरात शंभरात एकही भरल्या नाहीत, आकडा ०.९ टक्के होता. आणि २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या स्त्रियांना हा आजार होतो आणि सुमारे ९८ हजार दगावतात.

रेडिएशनची भीती मनातून काढा. एका मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट एवढा डोस मिळतो. जमिनीतून, आकाशातून जो नैसर्गिक किरणोत्सर्ग आपल्या अंगावर पडतच असतो, त्याच्या सात आठवड्यांइतका. आयसीयूत पोर्टेबल एक्स-रेवाला "सिस्टर, सरका" म्हणून ओरडतो तेव्हा कितीदा खरंच सरकलात?

मॅमोग्राफीची खरी अडचण वेगळीच आहे. पन्नाशीच्या आत बऱ्याच जणींचा स्तन दाट असतो. दाट ऊतक फिल्मवर पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच. कापसाच्या गंजीत पांढरा ससा शोधायचा म्हटल्यावर तो सुटू शकतो. म्हणून रिपोर्टमध्ये स्तन दाट असल्याचा उल्लेख असेल तर सोबत सोनोग्राफी लागेल का, हे विचाराच. आणि रिपोर्ट चांगला आला तरी हाताला गाठ लागत असेल, तर विश्वास हातावर ठेवायचा आणि सर्जनकडे जायचं.

रिपोर्टवरून माझीच फजिती सांगते. ४७व्या वर्षी मी पहिली मॅमोग्राफी केली. (हो, ४७. शिकवत होते मात्र तिशीपासून.) रिपोर्टखाली लिहिलं होतं, बायरॅड्स ०. (मॅमोग्राफीच्या रिपोर्टला शेवटी असा आकडा देतात.) मी म्हटलं, शून्य म्हणजे काही नाही, आणि फाईल कपाटात ठेवून दिली. चार महिन्यांनी आमच्या युनिटच्या एका ज्युनिअर डॉक्टर पोरीच्या हाती ती लागली. ती म्हणाली, "मॅडम, शून्य म्हणजे तपासणी अपुरी. पुढची फिल्म किंवा सोनोग्राफी केली का?" काही नाही तो आकडा १ असतो, २ म्हणजे निरुपद्रवी. ३ ला साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात, त्यात कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांच्या आतच असते. ४ आणि ५ ला सुईची बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं. माझी साधी पाण्याची गाठ निघाली. पण ते चार महिने मी काय हिमतीवर निर्धास्त होते, हे आठवलं की आजही कानकोंडं होतं.

बायोप्सीवरून एक सांगून ठेवते. गाठ लागली की आधी "काढून टाकू, मग बघू" असं कुणी म्हणालं तर थांबा. रीत अशी: हातानं तपासणी, मग मॅमोग्राफी-सोनोग्राफी, मग कोअर बायोप्सी. सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो ही समजूत आपल्या नर्सेसच्या तोंडून मी ऐकली आहे, आणि तेव्हा जेवढा राग आला तेवढा कोणत्याच पेशंटवर आला नाही.

"मी महिन्याला स्वतः बघते" असं अनेकजणी सांगतात. बघत असाल तर चांगलंच आहे, आपलं अंग आपल्याला ओळखीचं हवं. पण त्यावर विसंबू नका. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या दोन लाख ६६ हजार बायकांवर मोठा प्रयोग झाला होता. निम्म्यांना स्वतःची तपासणी मन लावून शिकवली. २००२ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, विनाकारण बायोप्सी मात्र वाढल्या. याउलट मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून झोपडवस्त्यांतल्या दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं काम केलं. त्यात ना मॅमोग्राफी होती ना मोठी मशिनं. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका त्यातल्या निम्म्याजणींना दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. २०२१ मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. सगळ्या वयांचा मिळून फरक १५ टक्के होता, आणि तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का म्हणता येत नाही, हेही सांगायला हवं. तरुण वयात हा फायदा दिसला नाही, म्हणूनच चाळिशीत नुसत्या हातावर न भागवता मॅमोग्राफीही करा म्हणते.

पण त्या मुंबईच्या बायांचे हात म्हणजे आपलेच हात. म्हणून युनिटमधल्या दोघींनी एकमेकींना तपासायची जोडी करावी, असं मी प्रत्येक बॅचला सांगते. स्वतःच्या हाताला आपण सूट देतो. "ही तर आधीपासूनच आहे", "ही पाळीची असेल". दुसरीचा हात अशी सूट देत नाही. मधल्या तीन बोटांची पेरं वापरायची, टोकं नाहीत. प्रत्येक जागी तीन दाब: वरवरचा, मधला, आणि बरगडी लागेपर्यंतचा. गोल गोल फिरवण्यापेक्षा वर-खाली पट्ट्यांनी जायचं. इकडच्या मुलींना मी डवरणीचं उदाहरण देते. कपाशीत डवरा धरला की एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, संपल्यावरच दुसरा धरतो, मधली ओळ सुटली की तण तिथंच माजतं. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि काखेच्या मध्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, एकही तास सुटता कामा नये. वरचा बाहेरचा भाग आणि काख इथं जास्त वेळ द्यायचा, कारण जास्त गाठी तिथंच सापडतात. एका बाजूला तीन-चार मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटात उरकलं असेल तर ती तपासणी धरू नका.

स्तनकर्करोगाच्या एका लक्षणाला पुस्तकात एक फ्रेंच शब्द असतो, त्याचा अर्थ संत्र्याची साल. त्वचा जाड होते आणि बारीक बारीक खळगे दिसतात. दुसऱ्या गावच्या मुलींना चित्र दाखवावं लागतं. आपल्याकडे मी पर्समधून संत्रं काढून हातात देते.

आता नाईटबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथंच ठेवलं. हे कळलं कुणामुळे? आपल्यासारख्याच नर्सेसमुळे. अमेरिकेत १९७६ साली १,२१,७०० परिचारिकांना प्रश्नावल्या पाठवून एक अभ्यास सुरू झाला, कारण त्या आजाराबद्दल नेमकं लिहू शकतात. त्यात तीस किंवा जास्त वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांत धोका साधारण एक तृतीयांशानं जास्त दिसला. पुढच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींत फरक दिसतो, काहींत नाही. तेव्हा नाईट केली की कॅन्सर होतो असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. तुमची १८ वर्षं, त्यातही महिन्याला एकच आठवडा, यानं झोप उडवून घेण्याचं कारण नाही. पण वय आणि नोकरी वाढत जाईल तसं हे लक्षात ठेवून तपासणी चुकवायची नाही.

माझ्या मते नाईटचं मोठं नुकसान मागच्या दारानं येतं, पोटावरून. रात्री अडीचला, दोन्ही व्हेंटिलेटर शांत झाल्यावर, नर्सिंग स्टेशनवर काय असतं? चहा, बिस्किटं, चिवडा, आणि कुठल्या तरी पेशंटच्या डिस्चार्जचा संत्रा बर्फीचा डबा. सकाळी ओव्हर देऊन निघालं की चौकात तर्रीपोहे. मग घरी जाऊन झोप. दहा वर्षांत दहा किलो असेच चढतात. पाळी गेल्यानंतर चरबीतूनच इस्ट्रोजेन तयार होतं, म्हणून त्या वयातला लठ्ठपणा स्तनकर्करोगाचा धोका वाढवतो. आपल्या भारतीयांत बीएमआय २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठ धरतात; कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वॉर्डातला टेप घ्या आणि मोजा, बेंबीच्या पातळीला, श्वास न ओढता.

मी स्वतः काय केलं तर नाईटचं मुख्य जेवण ड्युटीवर यायच्या आधी आठच्या आत उरकायचं, आणि रात्रीसाठी डब्यात भाजलेले फुटाणे, एखादं उकडलेलं अंडं किंवा ताक. बर्फीचा डबा उघडायचाच असेल तर सकाळी, सगळ्यांबरोबर, एक तुकडा. चहा तीननंतर बंद, नाहीतर घरी झोप येत नाही. आणि झोपेचं काय सांगावं! मे महिन्यात पारा ४५ ला, कूलरच्या ताट्या दहा वाजताच कोरड्या पडतात, खाली भाजीवाला, वर पोरांचा दंगा. त्यावर माझा उपाय साधा होता. खिडकीला जाड काळी चादर, कूलरमध्ये आदल्या रात्रीच पाणी, आणि दारावर खडूनं 'नाईट झाली आहे' अशी पाटी. सासूबाईंना सुरुवातीला ती पाटी म्हणजे आगाऊपणा वाटला. पुढे त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करायच्या.

आणि हो, वॉर्डातलं दिवसभराचं चालणं व्यायामात धरू नका. ते थांबत-थांबत असतं, दम लागेल असं नसतं. आठवड्याला १५० मिनिटं धाप लागेल इतकं वेगळं चालायला हवं. तुम्ही सकाळी चालता हे उत्तमच. दारूचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण आता लग्नसमारंभात ती आपल्या बायकांपर्यंतही आली आहे, म्हणून सांगते, स्तनकर्करोगाच्या बाबतीत थोडी चालते असं प्रमाण नाही. मुलांना अंगावर पाजल्याचा मात्र फायदा मिळतो: जगभरच्या अभ्यासांतून, दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका चार टक्क्यांहून थोडा जास्त कमी झाला.

इथंच एक सावधगिरी. "मी चालते, बाहेरचं खात नाही" हे तुमच्या पत्रात मॅमोग्राफीच्या प्रश्नाच्या अगदी आधी आलंय. जणू चांगल्या सवयींची पावती दाखवली की तपासणीतून सूट मिळेल. सवयींनी शक्यता कमी होते, शून्य होत नाही. सगळ्यात मोठी जोखीम बाई असणं आणि वय वाढणं, आणि दोन्ही आपल्या हातात नाही. मावशीचंही तसंच: पाळी गेल्यानंतर, ५८व्या वर्षी, एकाच नातेवाईक स्त्रीला झाला म्हणून धोका फार चढत नाही. पण केस पेपरवर ते लिहून घ्या. आईच्या बाजूला आणखी कुणाला पन्नाशीच्या आत, किंवा अंडाशयाचा, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय सल्ल्याची गोष्ट वेगळ्यानं करावी लागते. आणि वडिलांच्या बाजूचंही विचारा, ती बाजू बहुतेकजणी विसरतात.

कधी जायचं? पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, तेव्हा स्तन मऊ असतात आणि यंत्राचा दाब कमी दुखतो. ड्युटी लिस्ट लागली की त्या दिवसांतला ऑफ शोधा आणि त्याच दिवशी अपॉइंटमेंट घ्या. साडी किंवा वन-पीसपेक्षा सलवार-कुर्ता बरा, वरचंच काढावं लागतं. काखेत पावडर, डिओ काही लावू नका. त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि विनाकारण परत बोलावतात. जुन्या फिल्म असतील तर सोबत न्या. दुखतं का, तर हो, काही सेकंद. व्हेन सापडत नसलेल्या पेशंटला आपण जेवढं टोचतो, त्याहून कमी. सरकारी नोकरीत असाल तर वैद्यकीय तपासणीच्या सवलतीचं आस्थापनेत विचारून घ्या.

तुमच्या त्या सहकारी सिस्टरला भेटायला जाल तेव्हा "तू तर सगळ्यांना शिकवायचीस" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते तिनं रात्री-बेरात्री स्वतःला पुष्कळदा ऐकवलेलं असतं. तिच्या मुलांच्या शाळेचा डबा दोन दिवस तुम्ही घ्या, तिच्या राहिलेल्या नाईट आपसात वाटून घ्या, आणि केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुगाची पातळ खिचडी न्या. तर्री नको, वासानंच मळमळतं.